कॉलेज, कारखाना आणि जगाचे प्रश्न



या व्यासपीठावरून बोलून गेलेल्या बहुतेक वक्त्यांच्या नावाला पदव्या जोडलेल्या होत्या. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, द्वारसभांत आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात, तारखेची वाट पाहत. मग महाविद्यालयांविषयी बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार इतकाच की, ज्या कॉलेजांची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून चढलो नाही, त्यांचेच विद्यार्थी आमच्याकडे येतात आणि जगाचे प्रश्न आम्हांला समजावून सांगतात. ज्याला समजावून सांगितले जाते, त्यालाही या बाबतीत काही म्हणावयाचे असते.

हे कार्यक्रम आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. ५ जून आला की पर्यावरण दिन, १६ सप्टेंबरला ओझोन दिन, १ डिसेंबरला एड्स दिन. ठाण्यात तलावपाळीवर, कल्याण-डोंबिवलीला स्टेशनाबाहेर डफ वाजतो, एकसारखे सदरे घातलेली दहाबारा मुलेमुली गोल करतात आणि पथनाट्य सुरू होते. पृथ्वी तापते आहे, समुद्र चढतो आहे, प्लास्टिक टाकू नका. संध्याकाळच्या गाडीतून उतरलेला माणूस पिशवी सांभाळत क्षणभर थांबतो, मुलीचा आवाज खणखणीत आहे असे म्हणतो आणि रिक्षाच्या रांगेकडे वळतो. या मुलांची थट्टा आम्ही करणार नाही. भर रस्त्यात, अनोळखी माणसांपुढे तोंड उघडावयास धैर्य लागते. द्वारसभेत पहिल्यांदा बोलणाऱ्या कामगाराचे पाय कसे लटपटतात ते आम्ही शेकडो वेळा पाहिले आहे. प्रश्न मुलांच्या धैर्याचा नाही. त्यांच्या हाती जे देऊन पाठविले जाते, त्याचा आहे.

या कामाचा इतिहास थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी होते. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाचे कॉलेज त्याच साली निघाले आणि कल्याणचे बिर्ला कॉलेज १९७२ साली. म्हणजे आपल्या भागातली कॉलेजे आणि ही योजना एकाच पिढीची भावंडे आहेत. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचे शिबीर, असा तिचा हिशेब. महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळानंतर ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ हा शिबिरांचा विषय होता. तेव्हा मुलांच्या हातांत फलक नव्हते, कुदळी होत्या. पुढे १९७७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले. मुंबई विद्यापीठात आज ‘आजीवन अध्ययन आणि विस्तार विभाग’ आहे. त्याचेही विद्यार्थी आपल्या वस्त्यांत येतात.

‘विस्तार’ हा शब्द मात्र आम्हांला फारसा रुचत नाही. विस्तार एका बाजूने होतो, तेलाचा डाग कापडावर पसरावा तसा. कापडाला कोणी काही विचारीत नाही. ज्या देशातून ही कल्पना आली, तेथे ती अशी एकतर्फी नव्हती.

इंग्लंडमध्ये केंब्रिजचा जेम्स स्टुअर्ट नावाचा तरुण प्राध्यापक १८६७ पासून विद्यापीठाबाहेर व्याख्याने देत हिंडत असे. क्रू येथे रेल्वेचे कामगार त्याच्यापुढे बसत. रॉचडेल गावी, जेथे १८४४ साली विणकरांनी आपले सहकारी दुकान काढले होते, तेथेही त्याची व्याख्याने होत. एकदा रॉचडेलला त्याला लवकर निघावयाचे होते, म्हणून भिंतीवरच्या आकृत्या पुढच्या आठवड्यापर्यंत तशाच राहू द्या, असे त्याने सभागृहाच्या रखवालदाराला सांगितले. तो परत आला तेव्हा रखवालदार म्हणाला की, त्या आकृत्या ठेवून गेलात हे फार चांगले केलेत. मधल्या दिवसांत सभासद तेथे जमले होते, आकृत्यांवर त्यांची चर्चा झाली होती, आणि आता पुष्कळ प्रश्न घेऊन ते व्याख्यानाच्या आधीच येणार होते. तेव्हापासून व्याख्यानाला प्रश्नोत्तरांच्या वर्गाची जोड मिळाली. केंब्रिजने १८७३ साली हे काम रीतसर हाती घेतले. (आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, म्हणजे काळ एकच.) पुढे १९०३ साली अल्बर्ट मॅन्सब्रिज या, चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या कारकुनाने कामगार शिक्षण संघ काढला आणि १९०८ साली त्याच रॉचडेलमध्ये ऑक्सफर्डच्या सहकार्याने वर्ग भरू लागले. टॉनी हा नामांकित अर्थशास्त्रज्ञ तेथे शिकवी. तीन वर्षांचा वर्ग, आठवड्याला दोन तास. त्यातला एक तास शिक्षकाचा आणि दुसरा तास कामगारांचा. विषयही कामगारच ठरवीत.

आमचे म्हणणे एवढेच की, आपल्या कार्यक्रमांतून हा दुसरा तास गळाला आहे.

तो आला तर काय होईल ते पाहू. ‘जगाचे प्रश्न’ म्हणजे दूर कोठे तरी वितळणारे बर्फ, असा आपला समज झाला आहे. कामगाराच्या दारात ते फार पूर्वीपासून आलेले आहेत. नारायण मेघाजी लोखंडे हे आपल्या ठाण्यात १८४८ साली जन्मले. मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना त्यांची. हिंदुस्थानात १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, त्यामागे मुलांच्या दयेइतकाच मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा हिशेबही होता. मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या पोटावर येत होते. कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली; मोठ्यांना काहीच दिले नाही. लोखंड्यांनी मँचेस्टरचा डाव ओळखला नसेल असे आम्हांला वाटत नाही. पण परक्याच्या हेतूवर रुसून बसण्याऐवजी त्यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला आणि रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मागितली. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. जगाचा प्रश्न समजून घेऊन आपल्या कामी लावणे म्हणजे काय, याचा एवढा चांगला नमुना आमच्या माहितीत नाही. तो माणूस ठाण्याचा होता हे येथल्या कॉलेजातल्या किती मुलांना ठाऊक असेल?

आता आजच्या काळात येऊ. कामगारापुढे ‘पर्यावरण’ हा शब्द उच्चारला की त्याला दाराला लागलेले टाळे दिसते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये एक रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांत चित्रे आली आणि कारखाने येथून हलवा अशी मागणी झाली. मागणी करणारा डोंबिवलीकर खोटे बोलत नव्हता. २६ मे २०१६ च्या स्फोटात बारा माणसे गेली. २३ मे २०२४ रोजी पुन्हा रिॲक्टर फुटला आणि पुन्हा दहाहून अधिक माणसे गेली. काचा फुटल्या त्या मैल-मैल दूरच्या घरांच्या. पण कारखाना हलला म्हणजे पगार हलला. एकदा आमच्या एका द्वारसभेजवळच विद्यार्थ्यांची फेरी आली. फलकावर ‘विषारी कारखाने बंद करा’ असे होते. पाळी सुटून बाहेर येणाऱ्या एका ठेकेदारी कामगाराने आम्हांला विचारले, “दादा, ही पोरं आमच्या बाजूची की विरुद्ध?” याचे उत्तर एका शब्दात देता येत नव्हते. बंद करा म्हणणारा एकीकडे, सोसा म्हणणारा दुसरीकडे. कामगाराला दोन्हींकडे मरण.

येथेच जगाचे ज्ञान उपयोगी पडते. उदाहरण आपल्याच पट्ट्यातल्या धंद्याचे घेतो: रेयॉनचे. मोहन्याची नॅशनल रेयॉन आणि शहाडची सेंच्युरी रेयॉन ही नावे कल्याणकरांना सांगावयास नकोत. मोहन्याची गिरणी २००९ च्या अखेरीस बंद पडली. आम्ही जे सांगणार आहोत ते या दोहोंपैकी कोणाविषयी नाही. ते त्या धंद्याविषयी, जगातले आहे.

रेयॉन म्हणजे कृत्रिम रेशीम. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, मग त्यावर कार्बन डायसल्फाइड नावाच्या द्रवाची प्रक्रिया करतात. त्याचा मधासारखा दाट रस होतो. हा रस बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की प्रत्येक छिद्रागणिक एक तार घट्ट होऊन बाहेर पडते, तोच धागा. कार्बन डायसल्फाइड धाग्यात राहत नाही. ते हवेत सुटते, आणि त्याच्या सोबतीला सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड वायू. सूत काढण्याच्या खात्यात उभा असलेला माणूस ही हवा पाळीभर आत घेतो. हे द्रव्य माणसाला काय करते ते काही अलीकडे कळलेले नाही. पॅरिसमध्ये देल्पेश नावाच्या डॉक्टराने १८५६ साली रबराच्या कामगारांत त्याचे विष नोंदविले होते: हातापायांतले बळ जाते, डोके फिरते. रेयॉनच्या सूतखात्यातले कामगार हृदयविकाराने अधिक प्रमाणात मरतात, हे ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १९६८ साली आकड्यांनिशी मांडले.

यानंतर दोन देशांत दोन गोष्टी घडल्या. फिनलंडमध्ये संशोधकांनी एका रेयॉन कारखान्यातल्या कामगारांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. हृदयविकाराचे मृत्यू जास्त दिसले, तेव्हा हवेतील विषाची परवानगीची मर्यादा १९७२ साली दहा लाखांत २० भागांवरून १० वर आणली गेली आणि ज्यांचे हृदय आधीच दुबळे होते त्यांना त्या खात्यातून काढून दुसरे काम दिले. पुढच्या वर्षांत तो जादा मृत्यूंचा आकडा ओसरला. नोंद ठेवली, मर्यादा उतरविली, माणसे वाचली आणि त्यासाठी कारखान्याला टाळे ठोकावे लागले नाही.

दुसरी गोष्ट दक्षिण कोरियातली. सोलजवळ वोन्जिन रेयॉन नावाचा कारखाना होता. त्याची यंत्रे जपानातून १९६० च्या दशकात आणलेली, तेथे वापरून जुनी झालेली. १९८८ साली तेथल्या कामगारांची दुखणी बाहेर आली: अर्धांगवायू, मूत्रपिंडे निकामी, बुद्धिभ्रंश. तरुण डॉक्टर आणि विद्यार्थी त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९९१ साली एक निवृत्त कामगार मेला, तेव्हा त्याचे मरण या विषानेच आले असे मान्य होईपर्यंत अंत्यविधी करणार नाही म्हणून घरच्यांनी व सोबत्यांनी तो १३७ दिवस थांबवून धरला. शेकडो कामगारांचा आजार अखेर मान्य झाला. त्यांच्या भरपाईच्या लढ्यातून सोलमध्ये एक इस्पितळही उभे राहिले, ते आजही चालू आहे. पण कारखाना १९९३ साली बंद पडला तो पडलाच. आरोग्यही गेले आणि कामही गेले. आणि यंत्रे? ती मोडीत निघाली नाहीत. चीनमधल्या दानदोंग शहराच्या एका कारखान्याला ती विकली गेली.

जपानातून कोरियात, कोरियातून चीनमध्ये. जागतिकीकरणावर आम्ही बरीच जाड पुस्तके चाळली. या यंत्रांच्या प्रवासाइतके स्वच्छ त्यातल्या कोणत्याही पुस्तकाने आम्हांला समजावून दिले नाही. कामगाराच्या दृष्टीने यातला मुद्दा सरळ आहे. ‘बंद करा’ आणि ‘सोसा’ यांच्यामध्ये एक तिसरी मागणी असते, ‘मोजा आणि उतरवा’. ती जेथे वेळेवर झाली तेथे माणूसही राहिला आणि कामही राहिले. ही मागणी करावयाची तर हवेत काय आहे, ते किती आहे, किती असावे आणि इतर देशांत किती चालते, एवढे ठाऊक हवे. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे समजून घेणे अवघड नाही. आम्हांला ते समजून घ्यावयास तीन वर्षे आणि दोन शब्दकोश लागले.

ही माहिती मिळणे हा उपकार नाही, हेही सांगितले पाहिजे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळात जे घडले त्यानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने कोणते रसायन आहे, त्यापासून काय धोका आहे आणि अपघात झाल्यास काय करावयाचे, हे कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला सांगितले पाहिजे, असे तिने ठरविले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हे कर्तव्य आले आहे. डोंबिवलीच्या वसाहतीला लागून राहणाऱ्या श्रोत्यांपैकी किती जणांच्या घरी अशी माहिती पोचली आहे? हात वर करा असे म्हणत नाही. आपले आपणच मनात मोजावे.

रसायनाच्या पिंपाबरोबर एक सुरक्षा पत्रक येते. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली ठरविलेल्या पद्धतीप्रमाणे त्याचे सोळा भाग असतात आणि पिंपावर तांबड्या चौकटीतली चित्रे असतात: ज्वाला, कवटी, फुटणारा गोळा. ती चित्रे जर्मनीतल्या कामगाराला दिसतात तीच डोंबिवलीतल्या कामगाराला दिसतात. पत्रक मात्र बहुधा इंग्रजीत असते आणि ते कचेरीच्या फायलीत असते. ते हाताळणारा माणूस पूर्व उत्तर प्रदेशातून किंवा ओडिशातून आलेला, ठेकेदाराच्या हजेरीवरचा. आमची सूचना अशी: यंदा पाच जूनच्या फेरीऐवजी, निदान फेरीबरोबर, आपल्या कॉलेजांच्या रसायन विभागांनी अशी पन्नास पत्रके मराठीत आणि हिंदीत उतरवावीत. त्यात चुका होतील. त्या कामगारच दाखवतील, कारण पिंप उघडल्यावर डोळे कसे चुरचुरतात ते पत्रकापेक्षा त्याला नीट ठाऊक असते. जगाचा प्रश्न, कॉलेजचे ज्ञान आणि कामगाराचा अनुभव एका कागदावर यावयाचे तर ते असेच यावयाचे.

खाडीविषयी दोन शब्द सांगतो, कारण ठाणेकर रागावतील. विद्या प्रसारक मंडळाची कॉलेजे चेंदणी बंदर रस्त्यावर, खाडीला लागून आहेत, आणि बांदोडकर कॉलेजच्या प्राणिशास्त्रज्ञांनी या खाडीच्या पाण्याचा व चिखलाचा अभ्यास केलेला आहे. २०१५ साली खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले, २०२२ साली रामसर कराराच्या यादीत तिचे नाव गेले. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली झालेला हा करार. पाणथळ जागा राखण्याचा. कार्यक्रमांत मुले पक्ष्यांचे गुलाबी रंग सांगतात, ते पाहावयास आम्हांलाही आवडतात. पण चेंदणी कोळीवाड्यातल्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न असतो की, आमच्या जाळ्यांचे काय? त्याचे उत्तर करारातच आहे. त्यात ‘बंदी’ हा मूळ विचार नसून ‘शहाणपणाने वापर’ हा आहे. हे कोळ्याला कोणी सांगावे, आणि निवटी, कोळंबी, चिंबोरी कोणत्या साली कोठून नाहीशी झाली ते कोळ्याकडून कोणी लिहून घ्यावे. पुढचे काम प्राध्यापकांना आमच्यापेक्षा चांगले कळते.

कोणी म्हणेल, मुले हे सारे वाढीव गुणांसाठी करतात. करोत. आमच्या सभासदांपैकी पुष्कळ जण युनियनमध्ये बोनससाठी आले आणि चळवळीसाठी राहिले. शंभरातली पाच मुले राहिली तरी पुष्कळ झाली. आक्षेप गुणांवर नाही, तासांच्या मोजणीवर आहे. १२० तासांत मुलाने किती बोलले ते मोजता येते. किती ऐकले, याचा रकाना वहीत नाही. तो रकाना घालावा असे आम्ही या सभेतर्फे प्राचार्य मंडळींना सुचवितो. खर्च काही नाही, एक उभी रेघ ओढावी लागेल.

आमच्या बाजूने आम्ही जागा देऊ शकतो. युनियनचे कार्यालय लहान आहे, पण चाळीस माणसे मांडी घालून बसतात. दिवस रविवारचा ठेवावा, पाळ्या सांभाळून सकाळी दहा ते बारा. पहिला तास विद्यार्थ्यांचा, दुसरा कामगारांचा. पहिला विषय रेयॉनचा घ्यावा की सुरक्षा पत्रकांचा, ते कामगार ठरवतील. तक्ते मात्र मोठ्या अक्षरांत काढून आणावेत आणि जाताना गुंडाळून नेऊ नयेत. पूर्वेकडची भिंत आम्ही मोकळी करून ठेवली आहे. खिळे ठोकलेले आहेत.